सुका, सुकी, सुके : रशियन विशेषणांची मराठीतून ओळख

नाशिकजवळच्या ओझरला आणि पुण्याच्या लोहगावला डोक्यावरून गडगडत जाणाऱ्या लढाऊ विमानाला लोक ‘सुखोई’ म्हणतात. हे नाव पावेल सुखोय (१८९५–१९७५) या सोव्हिएत विमानरचनाकाराच्या आडनावावरून आले, एवढे बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण ‘सुखोय’ हे रशियन भाषेतले रोजच्या वापरातले साधे विशेषण आहे आणि त्याचा अर्थ ‘सुका’ असा होतो, हे फारसे कोणी सांगत नाही. संस्कृतातला ‘शुष्क’, आपला ‘सुका’ आणि रशियनमधला ‘सुखोय’ हे तिन्ही शब्द एकाच मुळातून निघालेले आहेत. हे नाते केवळ शब्दापुरतेही नाही, कारण ‘सुका’ हा शब्द मराठी वाक्यात जसा वागतो, बराचसा तसाच ‘सुखोय’ रशियन वाक्यात वागतो.

रशियन शिकणारे मराठी विद्यार्थी विशेषणांच्या धड्यापाशी येऊन बिचकतात, याचे कारण माझ्या मते तो धडा अवघड आहे हे नसून तो त्यांना इंग्रजीतून शिकवला जातो हे आहे. इंग्रजीत विशेषण नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे कधी बदलतच नाही. त्यामुळे इंग्रजी वाचकासाठी लिहिलेल्या पुस्तकात ‘विशेषणाला लिंग असते’ ही मोठी नवलाची गोष्ट म्हणून येते आणि पाठोपाठ चोवीस घरांचा एक तक्ता पाठ करायला दिला जातो. ज्या भाषेत ‘काळा घोडा, काळी गाय, काळे मांजर’ हे लहान मूल न शिकता बोलते, त्या भाषेच्या माणसाला हे नवल वाटण्याचे कारण नाही. आपण सुरुवात मराठीपासून करू.

रशियनमध्येही पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग अशी तीन लिंगे आहेत आणि विशेषण आपल्या विशेष्याप्रमाणे बदलते. सुका पाव म्हणजे ‘सुखोय ख्लेब’, सुकी फांदी म्हणजे ‘सुखाया वेत्का’ आणि सुके झाड म्हणजे ‘सुखोये देरेवो’. (रशियन शब्द येथे त्यांच्या लेखनाला धरून देवनागरीत दिले आहेत, उच्चार फारच निराळा असेल तेथे तसे सांगितले आहे.) या तीन उदाहरणांत दोन्ही भाषांतली लिंगे जुळतात, पण नेहमी तसे होत नाही. मराठीतले घर नपुंसकलिंगी, तर रशियनमधला ‘दोम’ पुल्लिंगी. आपले पुस्तक नपुंसकलिंगी, तर त्यांची ‘क्नीगा’ स्त्रीलिंगी. सुदैवाने रशियन नामाचे लिंग बहुतेक वेळा त्याच्या शेवटावरूनच कळते: शेवटी व्यंजन असेल तर पुल्लिंग, ‘आ’ असेल तर स्त्रीलिंग, ‘ओ’ असेल तर नपुंसकलिंग. मराठी माणसाने जपायचे ते एवढेच, की आपल्याकडे ‘आ’कारान्त विशेषण पुल्लिंगी असते आणि रशियनमध्ये शेवटचा ‘आ’ हा स्त्रीलिंगाची खूण असतो. ‘नवा’ हा आपला पुरुष, तर ‘नोवाया’ ही त्यांची स्त्री.

आणखी एक फरक सुरुवातीलाच लक्षात घ्यावा. मराठीत विकारी विशेषणांच्या जोडीला अविकारी विशेषणांची मोठी फौज आहे. लाल, सुंदर, हुशार, कठीण हे शब्द कोणत्याही नामापुढे जसेच्या तसे उभे राहतात. रशियनमध्ये ही सवलत जवळजवळ नाही. तेथले लाल आणि सुंदरसुद्धा ‘काळा’सारखेच बदलतात. मराठी विद्यार्थ्यांच्या वहीत सर्वांत जास्त चुका याच जागी सापडतात: ‘नवा’ ते नीट चालवतात आणि ‘सुंदर’ मात्र सोडून देतात, कारण मनातला मराठी शब्द हलत नाही.

आता विभक्ती. मराठीत ‘नवा विद्यार्थी’ आणि ‘नव्या विद्यार्थ्याला, नव्या विद्यार्थ्याने, नव्या विद्यार्थ्याचा’ असे आपण म्हणतो. नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते आणि विशेषणही त्याच्याबरोबर ‘नव्या’ असे वाकते. विभक्ती कोणतीही असो, लिंग कोणतेही असो, विशेषणाचे वाकलेले रूप एकच. म्हणजे छापील मराठीत या विशेषणाची एकूण रूपे चार: नवा, नवी, नवे, नव्या. रशियनमध्ये विभक्ती सहा आणि प्रत्येक विभक्तीत विशेषणाला आपला वेगळा प्रत्यय लागतो. सहा विभक्ती, तीन लिंगे आणि वर अनेकवचन, अशी ती चोवीस घरे होतात. पण ‘नोवीय’ म्हणजे नवा, या शब्दाने ती घरे भरून पाहिली तर वेगवेगळी रूपे बाराच निघतात, कारण अनेक घरांत तेच रूप पुन्हा येते.

पुल्लिंगी ‘नवे घर’ घ्या. प्रथमेत ‘नोवीय दोम’. ‘घराचा’ म्हणायचे असेल तर ‘नोवोगो दोमा’. ‘घराला’ या अर्थी ‘नोवोमु दोमु’. ‘घराने’ या अर्थी ‘नोवीम दोमोम’. आणि ‘घराविषयी’ म्हणताना ‘ओ नोवोम दोमे’. नपुंसकलिंगाचा प्रथमेत आणि द्वितीयेत ‘नोवोये’ होतो आणि पुढे तो पुल्लिंगाचेच प्रत्यय घेतो. स्त्रीलिंग तर आपल्या ‘नव्या’ची आठवण करून देते. प्रथमेत ‘नोवाया क्नीगा’ आणि द्वितीयेत ‘नोवुयु क्नीगु’ ही दोन रूपे सोडली, तर बाकी सगळीकडे एकच ‘नोवोय’ पुरतो. अनेकवचनात रशियन आपल्यापेक्षाही सोपी आहे. आपल्याला नवे सदरे, नव्या वह्या, नवी घरे असे तीन प्रकार सांभाळावे लागतात. रशियनमध्ये तिन्ही लिंगांना मिळून एकच ‘नोवीये’ आहे. १९१८ सालच्या लेखनसुधारणेपूर्वी मात्र पुल्लिंगी अनेकवचन एका तऱ्हेने आणि इतर दोन लिंगांचे दुसऱ्या तऱ्हेने लिहीत. सुधारणेने तो भेद काढून टाकला.

हे प्रत्यय तक्ता घोकून लक्षात ठेवण्यापेक्षा एक जुनी शाळकरी युक्ती वापरावी, जी रशियन मुलांना त्यांच्या शाळेत शिकवतात. विशेषणाला प्रश्न विचारायचा. ‘कोणता, कसा’ यासाठी रशियनमध्ये ‘काकोय’ हा शब्द आहे आणि तो स्वतः विशेषणासारखाच चालतो. प्रश्नाच्या शेवटी जे ऐकू येते, तेच उत्तराच्या शेवटी येते: ‘काकोमु?’ तर ‘नोवोमु’, ‘काकुयु?’ तर ‘नोवुयु’. ही युक्ती मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. ‘कोणत्या घरात?’ असे विचारले की आपण ‘नव्या’ म्हणतो आणि ‘कोणते घर?’ असे विचारले की ‘नवे’ म्हणतो. प्रश्नाने उत्तराचे रूप ठरवून द्यायचे, ही रीत आपल्या जिभेवर आहेच.

‘नोवोगो’ हे रूप लिहिताना ‘ग’ लिहितात, पण बोलताना तेथे ‘व’ म्हणतात: ‘नोवोवो’. पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी विशेषणाच्या षष्ठीत हे सर्वत्र होते. म्हणून सुखोयच्या विमानरचना कार्यालयाचे नाव लेखनात ‘सुखोगो’ दिसले तरी रशियन माणूस ‘सुखोवो’ असेच म्हणतो. ‘आज’ या अर्थाचा ‘सेगोद्न्या’ हा शब्दही उच्चारात ‘सेवोद्न्या’ होतो, कारण तो मुळात ‘या दिवसाचा’ अशा षष्ठीच्या जोडीतूनच बनलेला आहे.

द्वितीयेत एक गोष्ट अशी आहे, की तिच्यासाठी परदेशी पुस्तके पानभर खुलासा करतात आणि मराठी वाचकाला तो एका ओळीत पटतो. आपण ‘मी नवे घर पाहतो’ असे म्हणतो, पण ‘मी नवा विद्यार्थी पाहतो’ असे न म्हणता ‘मी नव्या विद्यार्थ्याला पाहतो’ असे म्हणतो. कर्म निर्जीव असेल तर प्रथमेचेच रूप चालते. सजीव असेल तर ते वाकते. रशियनमध्येही अगदी हेच घडते: ‘वीझू नोवीय दोम’, पण ‘वीझू नोवोगो स्तुदेन्ता’. फरक इतकाच, की आपण सजीवासाठी ‘ला’ वापरतो आणि ते षष्ठीचे रूप उसने घेतात. एकवचनी स्त्रीलिंगात मात्र हा भेद नाही. तेथे पुस्तक असो वा मुलगी, ‘नोवुयु’च.

सगळ्या विशेषणांचे प्रथमेतले रूप ‘नोवीय’सारखे नसते. शब्दाचा आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शेवटच्या प्रत्ययावर पडला की पुल्लिंगात ‘ईय’ऐवजी ‘ओय’ येतो. सुखोय, बोल्शोय म्हणजे मोठा, मोलोदोय म्हणजे तरुण, ही सगळी त्या गटातली. ‘सीनीय’ म्हणजे गडद निळा, यासारख्या काही थोड्या शब्दांत व्यंजन मृदू, म्हणजे ‘य’ची छटा असलेले, असते आणि प्रत्ययही मृदू होतात. काही व्यंजनांनंतर लेखनाचे दोन-तीन नियम आड येतात, पण ते वाचनाच्या सरावाने हाताखालून जातात. त्यांच्यापायी महिना घालवू नये.

एक जागा मात्र कोणालाही चकवते. दोन, तीन आणि चार या संख्यांनंतर नाम एकवचनी षष्ठीत जाते, पण त्याच्या आधीचे पुल्लिंगी विशेषण अनेकवचनी षष्ठीत जाते: ‘द्वा नोवीख दोमा’, म्हणजे शब्दशः ‘दोन नव्यांचे घराचे’. स्त्रीलिंगात बहुतेक करून ‘द्वे नोवीये क्नीगी’ असे विशेषण प्रथमेतच राहते. ही विसंगती म्हणजे द्विवचनाचा अवशेष आहे. संस्कृतात जसे द्विवचन होते तसे जुन्या रशियनमध्येही होते; ते लोपले तेव्हा ‘दोन’नंतरचे नामाचे रूप मागे उरले, लोक त्याला षष्ठी समजू लागले आणि तीन-चार या संख्याही त्याच वाटेने गेल्या.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. रशियन विशेषणाला दोन देह आहेत: एक पूर्ण आणि एक आखूड. ‘नोवीय, नोवाया, नोवोये’ ही पूर्ण रूपे झाली. ‘नोव, नोवा, नोवो’ ही आखूड. जुन्या काळी आखूड रूप हेच मूळ होते आणि ते नामासारखे चालत असे. ‘तो’ या अर्थाचे एक छोटे सर्वनाम त्याच्या शेपटीला जोडून पूर्ण रूप तयार झाले. ‘नोवा’ला ‘या’ जोडला की ‘नोवाया’. तेव्हा आखूड रूपाचा अर्थ ‘कोणतेतरी नवे’ आणि पूर्ण रूपाचा अर्थ ‘ते आपल्याला माहीत असलेले नवे’ असा होई. सर्बियन आणि लिथुएनियन या नातलग भाषांत हा अर्थभेद अजून जिवंत आहे. रशियनमध्ये तो गेला आणि आखूड रूप नामाच्या पुढून हटून वाक्याच्या विधेयात जाऊन बसले.

विधेयात मात्र ते काम करते, आणि फार नाजूक काम करते. ‘ओन बोल्नोय’ म्हणजे तो आजारी प्रकृतीचा आहे. ‘ओन बोलेन’ म्हणजे तो सध्या आजारी आहे. पूर्ण रूप स्वभाव सांगते, आखूड रूप अवस्था सांगते. दुसरे उदाहरण चपलांच्या दुकानातले घ्या. बूट मुळात लहान आकाराचे असणे वेगळे आणि घालून पाहिल्यावर ते पायाला लहान ठरणे वेगळे. मराठीत हा फरक आपण क्रियापदाने करतो: ‘बूट लहान आहेत’ आणि ‘बूट मला लहान होतात’. रशियन माणूस दुसऱ्या वाक्यासाठी आखूड रूप वापरतो: ‘तूफ्ली म्ने माली’. यातला ‘म्ने’ म्हणजे ‘मला’. ज्याने मराठीत ‘सदरा आखूड होतो’ असे एकदा तरी म्हटले आहे, त्याला हा धडा अर्धा येतो. ‘आनंद झालेला’ या अर्थाचा ‘राद’ तर फक्त आखूड रूपातच राहिला आहे, आणि आनंद ही त्या त्या वेळची अवस्था असते हे पाहता ते साजेसेच आहे.

नामापुढे उभी राहणारी जुनी आखूड रूपे लोककथांत आणि म्हणींत गोठून राहिली आहेत. ‘क्रास्ना देवीत्सा’ म्हणजे लोककथेतली रूपवती कन्या. आजच्या रशियनमध्ये ‘क्रास्नीय’ म्हणजे लाल, पण जुना अर्थ सुंदर असा होता. मॉस्कोच्या ज्या चौकाला आपण लाल चौक म्हणतो, त्या ‘क्रास्नाया प्लोश्चद’ला हे नाव सतराव्या शतकात मिळाले तेव्हा त्यात हा सुंदरपणाच होता, लाल निशाणाशी त्याचा संबंध नाही. दुसरा गोठलेला प्रयोग ‘स्रेद बेला द्न्या’. ‘बेला’ हे ‘पांढरा’ या शब्दाचे आखूड रूप, षष्ठीत, नामासारखे चालवलेले. शब्दशः अर्थ ‘पांढऱ्या दिवसाच्या मध्यात’. कोणी उघडउघड चोरी केली की रशियन माणूस हे म्हणतो. मराठीत आपण नेमके काय म्हणतो? दिवसाढवळ्या. ढवळा म्हणजे पांढरा, आणि ‘ढवळ्या’ हे त्याचे वाकलेले रूप. दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, तोच रंग त्याच दिवसाला लावला आणि आपापल्या व्याकरणाचा एक तुकडा त्यात जपून ठेवला.

‘कोणाचा’ हे सांगणारी विशेषणे हा तर आपला घरचाच विषय आहे. आईचा रुमाल म्हणजे ‘मामिन प्लातोक’, आईची पिशवी म्हणजे ‘मामिना सुम्का’, आईचे पत्र म्हणजे ‘मामिनो पिस्मो’. मराठीतल्या ‘चा, ची, चे’ला आपण षष्ठीचा प्रत्यय म्हणतो, पण वागायला तो विशेषणच आहे, कारण तो पुढच्या नामाचे लिंग घेतो आणि ‘आईच्या पत्रात’ असे म्हणताना ‘च्या’ होऊन वाकतोही. रशियनमध्ये ‘आ’कारान्त नामाला ‘इन’ लागतो आणि व्यंजनान्त नामाला ‘ओव’ किंवा ‘एव’. आणि येथे रशियन आडनावांचे कुलूप उघडते. इवानोव म्हणजे इवानचा. पंधराव्या शतकात त्वेर शहराचा एक व्यापारी समुद्रमार्गे चौलला उतरला, जुन्नर आणि बीदर पाहून दाभोळहून परत निघाला. त्याचे नाव अफानासी निकितीन. ‘निकिता’ हे रशियनमध्ये पुरुषाचे नाव आहे, आणि त्या काळी ‘निकितीन’ म्हणजे ‘निकिताचा’, अर्थात निकिताचा मुलगा. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. त्यावरचे नाव वाचताना आपण एक विशेषण वाचत असतो.

ही आडनावे विशेषणे आहेत म्हणून स्त्रीचे आडनाव बदलते. १९६३ मध्ये अंतराळात गेलेली पहिली स्त्री वालेन्तिना तेरेश्कोवा. तिच्या वडिलांचे आडनाव तेरेश्कोव. टॉलस्टॉय हे ‘जाड’ या अर्थाच्या पूर्ण विशेषणावरून आलेले आडनाव, म्हणून त्यांच्या पत्नीचे आडनाव रशियनमध्ये ‘तोल्स्ताया’. दोस्तोयेव्स्की हे नाव दोस्तोयेवो या गावावरून आले. ‘स्की’ हा प्रत्यय गावाच्या नावावरून विशेषण बनवतो, त्यामुळे आपल्याकडच्या ‘कर’ आडनावांच्या रांगेत ते सहज बसते. भाषा या बाबतीत किती काटेकोर आहे ते तृतीयेत दिसते. ‘पुश्किनबरोबर’ म्हणताना ‘पुश्किनीम’ असा विशेषणाचा प्रत्यय लागतो, पण ‘डार्विनबरोबर’ म्हणताना ‘दार्विनोम’ असा नामाचा. दोन्ही नावांचा शेवट ‘इन’ असला तरी डार्विनमधला ‘इन’ रशियन नाही, हे व्याकरणाला ठाऊक आहे. रशियात शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही याचा अनुभव येतो: पाटील आडनावाच्या मुलाचे कागदावर ‘पातीला’, ‘पातीलु’ असे होते, मुलीचे मात्र सर्व विभक्तींत ‘पातील’च राहते, आणि कुलकर्णी कोणासाठीच बदलत नाहीत.

वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या याच मुलांना रुग्णालयात ‘बोल्नोय’ हा शब्द दिवसभर ऐकू येतो. तेथे त्याचा अर्थ ‘आजारी’ नसून ‘रुग्ण’ असा असतो. विशेषण नाम म्हणून वावरते, पण चालते विशेषणासारखेच. जेवणाची खोली म्हणजे ‘स्तोलोवाया’, आईस्क्रीम म्हणजे ‘मोरोझेनोये’, ही मुळात विशेषणेच आहेत. ‘शहाण्याला शब्दाचा मार’ म्हणताना आपणही ‘शहाणा’ या विशेषणाला नाम करून टाकतो.

तुलनेत मात्र दोन्ही भाषा उलट्या वागतात. आपण ‘भाऊ बहिणीपेक्षा मोठा’ आणि ‘बहीण भावापेक्षा मोठी’ असे लिंग सांभाळतो. रशियनमध्ये ‘ब्रात स्तार्शे सेस्त्री’, ‘सेस्त्रा स्तार्शे ब्राता’. तुलनेचे ‘स्तार्शे’ हे रूप कोणासाठीच हलत नाही, आणि ‘पेक्षा’चे काम नामाची षष्ठी करते. सर्वांत नवा म्हणायचे तर ‘सामीय नोवीय’, आणि यात दोन्ही शब्द चालतात.

उरली ती अजिबात न वाकणारी मोजकी विशेषणे, बहुतेक परदेशातून आलेली. त्यातले एक आपल्या ओळखीचे आहे: ‘खाकी’. फारसीतल्या ‘खाक’ म्हणजे धुळीवरून हा शब्द हिंदुस्थानातल्या भाषांत आला, येथल्या फौजेच्या गणवेशातून इंग्रजीत गेला आणि पुढे रशियनमध्ये पोहोचला. मराठीत खाकी सदरा, खाकी टोपी, खाकी कापड असे म्हणताना आपण त्याला बदलत नाही. रशियन माणूसही बदलत नाही. पण तो त्याची जागा बदलतो. नामाशी बांधून ठेवणारा प्रत्ययच नसल्यामुळे रशियनमध्ये या शब्दाला नामाच्या पुढे उभे राहता येत नाही, म्हणून तो मागे येतो: ‘रुबाश्का खाकी’, सदरा खाकी.